दिव्याखालचा अंधार : एका चरित्रपटाचा विचार

चरित्र लिहिणे आणि चरित्र दाखविणे या दोन गोष्टी एकच नव्हेत. ग्रंथकार आपल्या चरित्रनायकाविषयी ‘असे म्हणतात’, ‘असे दिसते’, ‘याविषयी मतभेद आहेत’ असे लिहून वाचकाला सावध ठेवू शकतो. चित्रपटाला ही सोय नाही. पडद्यावर जे दिसते ते घडलेच होते, अशी प्रेक्षकाची भावना होते आणि नटाचा चेहरा हाच मूळ माणसाचा चेहरा होऊन बसतो. म्हणून चरित्रपटाची जबाबदारी चरित्रग्रंथापेक्षा एका अर्थाने अधिक आहे. ही जबाबदारी सर्वांत अवघड होते ती नायकाने जन्मभर लपविलेल्या गोष्टीपाशी. मेलेल्या माणसाने जे झाकून ठेवले ते उघडे करण्याचा अधिकार चरित्रकाराला आहे काय?

या प्रश्नाचे उत्तर आपल्याकडे बहुधा एका म्हणीने दिले जाते : झाकली मूठ सव्वा लाखाची. कलावंताची कला पाहावी, त्याच्या घरात डोकावू नये, असा तिचा आशय. हा विचार सुसंस्कृत आहे आणि पुष्कळ ठिकाणी योग्यही आहे. परंतु त्यात एक गोष्ट गृहीत धरलेली असते. ती अशी की, झाकलेली मूठ एकट्या नायकाचीच आहे. जेव्हा त्या मुठीत दुसऱ्या एखाद्या माणसाचा हात सापडलेला असतो तेव्हा काय करावयाचे, हे म्हण सांगत नाही. समलिंगी प्रेमसंबंधाच्या बाबतीत, आणि तो संबंध एखाद्या विख्यात माणसाचा असेल तर विशेषच, हा प्रश्न टाळता येत नाही. त्याचा विचार करण्यास स्टीव्हन सोडरबर्ग याने दिग्दर्शित केलेला ‘बिहाइंड द कँडेलाब्रा’ हा २०१३ सालचा अमेरिकन चरित्रपट फार उपयोगी आहे. कँडेलाब्रा म्हणजे अनेक शाखांचे शमादान. त्या शमादानाच्या उजेडात बसून पियानो वाजविणारा लिबराची हा या चित्रपटाचा नायक, आणि उजेडाच्या मागे राहिलेला त्याचा सहचर स्कॉट थॉर्सन हा त्याचा साक्षीदार.

आपल्या वाचकांना लिबराचीचे नाव फारसे परिचित नसेल, म्हणून त्याची थोडी ओळख करून देणे अवश्य आहे. वादझिऊ व्हॅलेंटिनो लिबराची याचा जन्म १६ मे १९१९ रोजी विस्कॉन्सिन राज्यातील मिलवॉकी शहरालगत वेस्ट ॲलिस येथे झाला. वडील इटलीहून आलेले, फ्रेंच हॉर्न वाजविणारे. आई पोलिश वंशाची. मुलाच्या हातातील कौशल्य लहानपणीच दिसून आले. १९४० साली, वयाच्या विसाव्या वर्षी, त्याने शिकागो सिंफनी वाद्यवृंदासह लिस्टची रचना वाजविली होती. शास्त्रशुद्ध मैफलींचा मार्ग त्याला मोकळा होता. परंतु त्याने दुसराच मार्ग धरला. अभिजात रचनांचे लांबलचक भाग गाळून, त्यांत लोकप्रिय गाण्यांची सरमिसळ करून, मध्येच प्रेक्षकांशी गप्पा मारीत तो वाजवू लागला. १९५२ पासून दूरचित्रवाणीने त्याला घरोघरी पोहोचविले. कॅमेऱ्याकडे थेट पाहून हसणारा, आईविषयी भक्तीने बोलणारा हा तरुण अमेरिकेतील मध्यमवयीन गृहिणींच्या गळ्यातला ताईत झाला. पुढे लास व्हेगासच्या रंगमंचावर चकचकीत खड्यांचे अंगरखे, जमिनीवर लोळणारे केसाळ झगे, आरशांनी मढविलेले पियानो हा त्याचा थाट जगभर प्रसिद्ध झाला. जगात सर्वाधिक मानधन मिळविणाऱ्या रंजनकारांत अनेक वर्षे त्याची गणना होत असे. संगीताच्या टीकाकारांनी त्याला कधी मोठे मानले नाही, आणि त्याला त्याची फिकीरही नव्हती.

येथे एक गमतीची गोष्ट नमूद करण्यासारखी आहे. पियानोवर शमादान ठेवण्याची कल्पना लिबराचीला एका चरित्रपटावरूनच सुचली. शोपँच्या जीवनावरील ‘अ साँग टु रिमेंबर’ हा चित्रपट १९४५ साली आला. त्यातील शमादान पाहून त्याने आपल्या पियानोवर तसेच ठेवण्यास प्रारंभ केला आणि तीच त्याची खूण ठरली. चरित्रपटातून घेतलेला दिवा हातात धरून जो आयुष्यभर मिरवला, त्याच्या मरणानंतर त्याच दिव्याचे नाव घेऊन दुसऱ्या चरित्रपटाने दिव्याखालचा अंधार दाखविला.

आता हा अंधार कसा निर्माण झाला ते पाहू. लिबराची पुरुषांवर प्रेम करणारा होता. त्याची वेशभूषा, हावभाव, बोलण्याची लकब हे सर्व पाहता आज कोणालाही वाटेल की, यात लपलेले असे काय होते? परंतु त्या काळी उघड दिसणारी गोष्ट आणि उघड बोललेली गोष्ट यांत फार मोठे अंतर होते. १९५६ साली तो लंडनला गेला असता ‘डेली मिरर’ या वृत्तपत्रात ‘कॅसँड्रा’ या टोपणनावाने लिहिणाऱ्या विल्यम कॉनर याने त्याच्यावर अत्यंत विखारी लेख लिहिला. त्यात थेट आरोप नव्हता. विशेषणांची एक लांबलचक माळ होती आणि तीत फळांच्या चवीचा निर्देश करणारा एक शब्द होता. इंग्रजीच्या बोलभाषेत फळवाचक तो शब्द समलिंगी पुरुषाची टवाळी करण्यासाठी वापरीत असत. लिबराचीने अब्रुनुकसानीचा दावा लावला. जून १९५९ मध्ये लंडनच्या न्यायालयात या दाव्याची सुनावणी झाली आणि एका शब्दाच्या अर्थच्छटेवर वकिलांचा काथ्याकूट चालला. लिबराचीने शपथेवर सांगितले की, आपण समलिंगी नाही आणि तसे कोणतेही वर्तन आपण कधी केलेले नाही. पंचांनी त्याच्या बाजूने कौल दिला. त्याला ८,००० पौंडांची भरपाई मिळाली.

ही साक्ष खोटी होती, हे आज सर्व जाणतात. तथापि तिचा निवाडा करण्याआधी त्या वेळची कायद्याची स्थिती ध्यानात घेतली पाहिजे. इंग्लंडात पुरुषांमधील असे संबंध तेव्हा गुन्हा होता. तो गुन्हा राहू नये अशी शिफारस वुल्फेंडन समितीने १९५७ साली केली. कायदा बदलला तो १९६७ साली, आणि तोही इंग्लंड व वेल्सपुरता. अमेरिकेत राज्याराज्यांतून असेच कायदे होते. त्यामुळे ‘खरे बोल आणि मोकळा हो’ असा पर्याय लिबराचीपुढे नव्हता. खरे बोलल्यास कारागृह, नाही तर निदान उपासमार, आणि खोटे बोलल्यास टाळ्या, अशी ती निवड होती. पण एकदा शपथेवर नकार दिल्यानंतर तो नकार जन्मभर सांभाळावा लागला. १९७३ साली प्रसिद्ध झालेल्या आत्मचरित्रातही त्याने तोच सांभाळला. एका असत्याला आधार म्हणून घरातील प्रत्येक माणूस, प्रत्येक कागद, प्रत्येक छायाचित्र उभे करावे लागले. चित्रपटाचा खरा विषय हाच आहे.

चित्रपटाची कथा १९७७ साली सुरू होते. स्कॉट थॉर्सन हा अनाथाश्रमांत आणि परक्या कुटुंबांत वाढलेला पोरगा. चित्रपटांसाठी प्राणी सांभाळण्याचे काम तो करतो, आणि पशुवैद्य होण्याचे स्वप्न बाळगतो. एका ओळखीच्या माणसाबरोबर तो लास व्हेगासला लिबराचीचा कार्यक्रम पाहावयास जातो. नायक झगमगत येतो, प्रेक्षकांतील वृद्ध स्त्रिया भारावून जातात, आणि स्कॉटला आश्चर्य वाटते की, या लोकांना हा माणूस कसा आहे हे कळत कसे नाही? त्याचा सोबती सांगतो की, त्यांना त्याची कल्पनाही नाही. साऱ्या चित्रपटाची किल्ली या छोट्या प्रसंगात आहे. समाज आंधळा नसतो. जे पाहावयाचे नाही ते न पाहण्याचे एक कौशल्य त्याने कमावलेले असते.

लिबराचीच्या घरी एक कुत्रा डोळ्यांनी अधू झालेला असतो. स्कॉट त्याच्यासाठी औषध आणून देतो आणि या निमित्ताने त्या महालात त्याचा प्रवेश होतो. पहिल्याच भेटीत भोजनाच्या टेबलाशी एक तरुण घुश्श्यात बसलेला दिसतो. तो आधीचा सहचर. त्याचे दिवस भरत आले आहेत हे प्रेक्षकाला कळते, स्कॉटला कळत नाही. चित्रपटाच्या उत्तरार्धात त्याच घुश्श्यात स्कॉट बसलेला असतो आणि घरात नवा तरुण आलेला असतो. दिग्दर्शकाने यावर एक शब्दही भाष्य केलेले नाही. प्रसंगाची पुनरावृत्ती पुरेशी बोलकी आहे.

मधल्या पाच वर्षांत स्कॉट हा लिबराचीचा कोण होता? या प्रश्नापाशी आपण मूळ मुद्द्यावर येतो. जगाच्या दृष्टीने तो वेतन घेणारा नोकर होता. रंगमंचावर तो पांढरा गणवेश घालून नायकाची मोटार चालवीत येई. घरात तो जोडीदार होता. लिबराची त्याला दत्तक घेण्याचे वचन देत असे, आणि मी तुझा पिता, भाऊ, मित्र, प्रियकर सर्व काही होईन असे म्हणत असे. हे बोलणे प्रेमाचे आहे. परंतु त्यात एक भीषण रिकामेपणाही आहे. ज्या नात्याला स्वतःचे नाव नाही त्याला चार उसनी नावे द्यावी लागतात. कायद्याने एका पुरुषाला दुसऱ्या पुरुषाचा पुत्र होता येत होते, नोकर होता येत होते, जोडीदार होता येत नव्हते. मग पुत्र आणि नोकर या दोन खुंट्यांवर तिसरेच नाते टांगले गेले.

याची परिसीमा होते ती शस्त्रक्रियेच्या प्रसंगात. लिबराची स्वतःचा चेहरा तरुण करून घेतो आणि त्याच शल्यविशारदाकडून स्कॉटचा चेहरा आपल्या तरुणपणीच्या चेहऱ्यासारखा करवून घेतो. रॉब लोव याने रंगविलेला तो शल्यविशारद हास्यकारक आहे. शस्त्रक्रियेनंतर लिबराचीचे डोळे झोपेतही पूर्ण मिटत नाहीत, हा तपशीलही हसवितो. पण हसता हसता अंगावर काटा येतो. वजन उतरविण्यासाठी दिलेल्या औषधांतून स्कॉटला व्यसन लागते. घराबाहेर ज्याची ओळख शून्य आहे त्या तरुणाची घरातील ओळखही अशा रीतीने पुसली जाते.

१९८२ साली त्याला घराबाहेर काढण्यात आले. त्याच वर्षी त्याने ११ कोटी ३० लक्ष डॉलरांचा दावा लावला. विवाहाविना एकत्र राहिलेल्या जोडीदारांपैकी एकाला दुसऱ्याकडून काही मागता येते, हे तत्त्व कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने १९७६ साली एका स्त्री-पुरुषाच्या खटल्यात मान्य केले होते. स्कॉटने तोच आधार घेतला. लिबराचीची बाजू अशी की, हा कामावरून काढलेला नोकर आहे आणि तो खोटे बोलत आहे. १९८४ साली दाव्याचा मोठा भाग फेटाळला गेला. १९८६ च्या अखेरीस ९५,००० डॉलरांवर तडजोड झाली. त्यांपैकी ७५,००० रोख, आणि बाकीच्याच्या बदल्यात तीन मोटारी व तीन कुत्री. पाच वर्षांच्या सहजीवनाचा हा हिशेब वाचताना हसू येते आणि लगेच ते ओसरते.

मराठी वाचकाला येथे आपल्या वाङ्मयातील एका समृद्ध परंपरेची आठवण व्हावी. थोर पुरुषाचे चरित्र त्याच्या सहधर्मचारिणीने सांगावे, ही ती परंपरा. रमाबाई रानडे यांचे ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’ हे पुस्तक १९१० साली आले. लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ १९३४ पासून प्रसिद्ध होऊ लागली. न्यायमूर्ती रानडे किंवा रेव्हरंड टिळक यांचे सार्वजनिक कार्य इतर चरित्रकारांनीही सांगितले. पण माणूस घरात कसा होता, त्याचा राग, त्याचा लोभ, त्याचे हट्ट हे सांगण्याचा अधिकार या दोघींचा होता आणि तो कोणी नाकारला नाही. का? कारण त्या कोण आहेत हे जगाला ठाऊक होते. त्यांना साक्ष देण्यासाठी आधी आपले नाते सिद्ध करावे लागले नाही. स्कॉट थॉर्सनने अलेक्स थॉर्लेफसन यांच्या साहाय्याने १९८८ साली आपल्या आठवणी प्रसिद्ध केल्या. चित्रपटाचे नाव आणि आधार त्याच पुस्तकाचा आहे. तेही सहचराने सांगितलेले चरित्रच होय. परंतु त्याला प्रथम आपण सहचर होतो हेच जगाला पटवावे लागले. आणि जे पटवावे लागते त्यात कडवटपणा, अतिशयोक्ती आणि लाभाचा संशय यांचा शिरकाव होतोच. गुप्ततेने साक्षीदाराचीही हानी केली ती अशी.

लिबराचीच्या मृत्यूलाही या गुप्ततेने सोडले नाही. त्याचे वजन उतरले तेव्हा आहारात नुसते कलिंगड घेतल्याचा हा परिणाम, असे सांगण्यात आले. ४ फेब्रुवारी १९८७ रोजी पाम स्प्रिंग्ज येथे, वयाच्या सदुसष्टाव्या वर्षी तो निवर्तला. मृत्यूच्या दाखल्यावर हृदयविकार व मेंदूचा विकार अशी कारणे नोंदली गेली. परंतु रिव्हरसाइड परगण्याच्या मृत्यु-चौकशी अधिकाऱ्याने दाखला मान्य केला नाही, शवपरीक्षा करविली आणि मृत्यू एड्समुळे झालेल्या न्यूमोनियाने झाल्याचे काही दिवसांतच जाहीर केले. रॉक हडसन हा विख्यात नट १९८५ साली याच रोगाने गेला होता आणि त्याने मृत्यूपूर्वी आपला रोग जाहीर होऊ दिला होता. त्या एका गोष्टीने अमेरिकेत या रोगाविषयीचे मौन पुष्कळसे भंगले. लिबराचीला ते धैर्य झाले नाही. १९५९ च्या शपथेची सावली १९८७ च्या दाखल्यावर पडली, असेच म्हणावे लागते.

चित्रपटात अखेरची भेट आहे : आजारी लिबराची स्कॉटला बोलावून घेतो, आणि दोघांतले वैर क्षणभर गळून पडते. नंतर अंत्यविधीच्या वेळी मागे बसलेला स्कॉट मनाच्या डोळ्यांनी पाहतो की, चर्च रंगमंच झाले आहे आणि लिबराची झगमगत्या वेषात आकाशात उचलला जात आहे. ज्याला शोक करण्याचा अधिकृत हक्क नाही त्याने मनात केलेला हा अंत्यसंस्कार आहे. साऱ्या चित्रपटातील सर्वांत हृद्य प्रसंग मला तो वाटतो.

लिबराचीची भूमिका मायकेल डग्लस याने आणि स्कॉटची मॅट डेमन याने केली आहे. डग्लसने टवाळीचा सोपा मार्ग टाळला. त्याचा लिबराची लोभस आहे, उदार आहे, एकाकी आहे आणि त्याच वेळी निर्दय आहे. दुबळ्या नटाने यांतील एकच छटा धरली असती. आईच्या भूमिकेत डेबी रेनल्ड्स, संगीतयोजक मार्विन हॅमलिश. हॅमलिश २०१२ साली, चित्रपट प्रदर्शित होण्यापूर्वीच निवर्तले. या चित्रपटाच्या निर्मितीची हकीकतही विषयाला धरूनच आहे. सोडरबर्गने सांगितले आहे की, अमेरिकेतील मोठ्या चित्रसंस्थांनी ‘हा फारच समलिंगी विषय आहे’ म्हणून पैसा देण्याचे नाकारले. अखेर एच.बी.ओ. या दूरचित्रवाणी संस्थेने तो स्वीकारला. मे २०१३ मध्ये कानच्या महोत्सवात तो स्पर्धेसाठी दाखविला गेला आणि २६ मे रोजी अमेरिकेत घरोघरी प्रक्षेपित झाला. त्याला ११ एमी पारितोषिके मिळाली. जो माणूस १९५२ मध्ये दूरचित्रवाणीतून घरात शिरला, त्याचे सत्यही एकसष्ट वर्षांनी त्याच दाराने आले.

आता दोषांचा विचार. पहिला दोष साक्षीचा. चित्रपट एकाच माणसाच्या आठवणींवर उभा आहे, आणि तो माणूस पराभूत वादी होता. दुसऱ्या बाजूचा माणूस उत्तर देण्यास जिवंत नव्हता. थॉर्सनही २०२४ साली मरण पावला, तेव्हा आता उलटतपासणीची शक्यताच उरली नाही. चित्रपट पाहताना ‘हे स्कॉटच्या डोळ्यांनी पाहिलेले आहे’ ही जाणीव आपण स्वतःच जागी ठेवली पाहिजे.

दुसरा दोष अधिक गंभीर आहे आणि शिक्षकांनी तो विशेष ध्यानात घ्यावा. थॉर्सनचा जन्म १९५९ चा. त्याच्या स्वतःच्या सांगण्याप्रमाणे ही ओळख झाली तेव्हा तो अठरा वर्षांचाही नव्हता. लिबराची सत्तावन्न-अठ्ठावन्न वर्षांचा होता. डेमन मात्र चित्रीकरणाच्या वेळी चाळिशी ओलांडलेला होता. पडद्यावर आपल्याला एक प्रौढ आणि एक वृद्ध दिसतो; प्रत्यक्षात निराधार मुलगा आणि अतिशय धनवान, आजोबा शोभेल अशा वयाचा पुरुष यांची ती गाठ होती. हा फरक लहान नाही. आक्षेप घ्यावयाचा तो दोघे पुरुष असण्यावर नव्हे. एकाच्या हाती सर्व सत्ता आणि दुसऱ्याच्या हाती काहीच नाही, यावर घ्यावयाचा आहे. वृद्ध धनिकाने निराधार मुलीला असेच ठेवून घेतले असते तरी तो तितकाच निंद्य ठरला असता. मात्र हेही खरे की, जेथे नाते चोरून ठेवावे लागते तेथे असा अन्याय पाहण्यास शेजारी नसतो, पंच नसतो, नातलग नसतो. गुप्तता प्रेमाला जशी झाकते, तशीच अन्यायालाही झाकते.

हा विषय दूरदेशीचा म्हणून सोडून देण्याची सोय आपल्याला नाही. विशेषतः महाराष्ट्राबाहेर राहून मराठी शिकविणाऱ्यांना तर नाहीच. अलीगढ मुस्लिम विद्यापीठात मराठीचे अध्यापन करणारे, आधुनिक भारतीय भाषा विभागाचे प्रमुख रामचंद्र सिरस हे मराठी कवी होते. त्यांच्या ‘पाया खालची हिरवळ’ या संग्रहाला महाराष्ट्र साहित्य परिषदेचा पुरस्कार मिळाला होता. फेब्रुवारी २०१० मध्ये काही जण कॅमेरा घेऊन त्यांच्या घरात घुसले, एका पुरुषाबरोबरचे त्यांचे खासगी क्षण त्यांनी टिपले, आणि विद्यापीठाने शिक्षा केली ती घुसणाऱ्यांना नव्हे, सिरस यांना. त्यांना निलंबित करण्यात आले. अलाहाबाद उच्च न्यायालयाने १ एप्रिल रोजी त्यांना दिलासा दिला. ७ एप्रिल रोजी ते आपल्या खोलीत मृतावस्थेत आढळले. हंसल मेहता यांचा ‘अलीगढ’ हा हिंदी चित्रपट त्यांच्यावर आहे. तो आपल्याकडे २०१६ साली प्रदर्शित झाला आणि मनोज बाजपेयी यांनी सिरस यांची भूमिका केली.

दोन्ही चित्रपट शेजारी ठेवून पाहण्यासारखे आहेत. एकीकडे झगमगाट, दुसरीकडे मंद दिवा, एकटेपणी ऐकलेली लता मंगेशकरांची गाणी आणि कवितेची वही. लिबराचीने गुप्तता ढालीसारखी वापरली आणि ती दुसऱ्याच्या अंगावर आदळली. सिरस यांनी कोणाला काही लपविण्यास भाग पाडले नव्हते. ते केवळ आपले दार लावून घरात होते. म्हणून ‘गुप्तता’ आणि ‘खासगीपणा’ हे शब्द समानार्थी नव्हेत, हे या दोन चित्रपटांवरून शिकावे. खासगीपणा हा माणसाचा हक्क आहे. गुप्तता ही बहुधा भीतीने लादलेली शिक्षा असते. चित्रपटातील सिरस विचारतात की, आपल्या मनातील भावना तीन अक्षरांच्या एका इंग्रजी शब्दात कशी मावेल? भाषेच्या प्राध्यापकाला शोभेल असाच हा प्रश्न आहे. मराठीने या नात्यासाठी आजवर एक तर शिवी तरी राखून ठेवली किंवा ‘समलिंगी’ हा परिभाषेतील कोरडा शब्द तरी. त्यात जिव्हाळ्याचा अर्थ भरण्याचे काम साहित्यिकांचे आणि शिक्षकांचे आहे.

कायद्याची चाल पाहिली तर ती सरळ रेषेत नाही. ‘बिहाइंड द कँडेलाब्रा’ मे २०१३ मध्ये दाखविला गेला. त्याच वर्षी ११ डिसेंबरला आपल्या सर्वोच्च न्यायालयाने दिल्ली उच्च न्यायालयाचा २००९ चा निर्णय फिरवून दंडसंहितेचे ३७७ वे कलम पुन्हा लागू केले. ६ सप्टेंबर २०१८ रोजी त्याच न्यायालयाने प्रौढांच्या संमतीने होणारे संबंध त्या कलमातून वगळले. अमेरिकेत समलिंगी विवाह २०१५ पासून देशभर मान्य झाला. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने मात्र १७ ऑक्टोबर २०२३ च्या निर्णयात तशी मान्यता देण्यास नकार दिला. म्हणजे आपल्याकडे आज असे नाते गुन्हा नाही, पण त्याला कायद्याचे नावही नाही. स्कॉट थॉर्सन ज्या उंबरठ्यावर उभा होता तो उंबरठा आपल्याकडे अजून आहे.

तर मग आरंभीच्या प्रश्नाचे उत्तर काय? मृताचे झाकलेले उघडे करण्याचा सरसकट अधिकार चरित्रकाराला नाही. चवीने पाहण्यासाठी केलेले उद्घाटन ही चोरीच होय. परंतु ज्या मौनाखाली दुसरे आयुष्य दडपले गेले, ते मौन केवळ मृताच्या मालकीचे राहत नाही. त्या दुसऱ्याला बोलू द्यावे, त्याचे बोलणे तपासून घ्यावे आणि दोघांनाही माणूस म्हणून पाहावे, ही चरित्रपटाची कसोटी होय. सोडरबर्गचा चित्रपट वयाच्या प्रश्नावर या कसोटीस उणा पडतो, बाकी सर्वत्र उतरतो.

चरित्र शिकविताना आपण विद्यार्थ्यांना नायकाचे गुण पाठ करावयास लावतो. त्याच्या घरात कोण कोण होते, त्यांना त्या मोठेपणाची काय किंमत द्यावी लागली, हा प्रश्नही वरच्या वर्गांतून विचारण्यास हरकत नाही. आणि आपल्या वर्गात एखादा मुलगा किंवा मुलगी अशी असू शकेल की, जिच्या मनातील गोष्टीला अजून शब्द मिळालेला नाही. त्या मुलाने आपल्या तोंडून या विषयावर पहिला शब्द ऐकला तो टवाळीचा होता की आदराचा, हे त्याच्या ध्यानात जन्मभर राहील.